‘भाव ठरला की ठरला’? मग नहर बांधून दाखवा

‘ठेक्यात भाव एकदा ठरला की पैसा वाढवायचा नाही, मग भांडणच होत नाही. लवचीक कलमांनीच गोसेखुर्द धरण प्रकल्प बुडवला. परदेशात असले लाड नाहीत.’ पवनी-ब्रह्मपुरीकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर आमच्या काकांनीही पुढे ढकलला, म्हणून हे लिहावं लागतंय.

म्हणे भांडणच होत नाही! नहराच्या रेषेवर चाचणी-खड्डे दूरदूर घेतात. मधे मुरूम आहे, खडक आहे की काळी कन्हार, हे पोकलेन लागल्यावरच कळतं. कन्हार पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीटचं अस्तर टाकलं तर ते उचलतं, सांधे उघडतात, पाणी मागे शिरून काठ बसतो. म्हणून आयएस ९४५१ या भारतीय मानकाप्रमाणे ती माती काढून न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून भरायचा, मग अस्तर. मोठ्या नहरात फुगण्याच्या दाबानुसार हा थर पाऊण ते एक मीटर लागतो. तो निविदेत धरलेला नसला आणि करारात जादा बाबीचं कलमही नसलं, तर पैसे कोण देणार? ठेकेदार थर पातळ करतो, नाहीतर मशिनरी उचलून कोर्टात जातो. तोवर टेलच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या, धानाच्या बांध्या कोरड्याच.

आणि लवचीक म्हणजे वाट्टेल ते बिल, हे कोणी सांगितलं? आपल्या सरकारी बी-२ निविदेत, जिथं ठेकेदार प्रत्येक बाबीचा भाव वेगळा भरतो, कलम ३८ आहेच. परिमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं की वरच्या भागाला सरकारी दरसूचीवरून काढलेला भाव. खोदाईचा भाव मुद्दाम फुगवून भरणाऱ्याला त्यानंच चाप बसतो. फक्त बदलाचा लेखी हुकूम कामाआधी हवा आणि थर झाकण्याआधी खातं आणि ठेकेदार दोघांसमोर मोजून एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद हवी. नंतर मोजायला काय उरतं?

भाववाढीचं कलमही महागाईच्या निर्देशांकावर चालतं, ठेकेदाराच्या मर्जीवर नाही.

गोसेखुर्दचं अर्धं खरं, नाइलाजानं मान्य. १९८३ साली ३७२ कोटींचा प्रकल्प पुढे १८ हजार कोटींवर गेला, आणि वाढीव कामांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण जमीन ताब्यात नाही, नकाशे कच्चे, तरी निविदा काढायची, हा दोष कलमाच्या माथी कशाला?

परदेशाचं म्हणाल तर लंडनचं हीथ्रो टर्मिनल ५ घ्या. तिथं जोखीम मालकानं स्वतःकडे घेतली, ठेकेदारांना झालेला खर्च अधिक नफा दिला. २७ मार्च २००८ ला, ठरल्या दिवशी, ते उघडलं. पहिल्याच दिवशी बॅगांचा बोजवारा उडाला, खरंय. पण इमारत वेळेत उभी होती. अट एकच: ठेकेदाराचे हिशेब मालकाला उघडे. आपल्याकडे या अटीवर निविदा भरायला किती जण येतील, ते त्या मजकुरात कुठंच नाही.