‘आईबापांनी लक्ष द्यावं’ एवढ्यानं भागत नाही

काका, नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या, सोळाखालच्या मुलांसाठीच्या सोशल मीडियाबंदीचं स्वागत करणारा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही, आणि तसं तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा एका ओळीपाशी अडले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलं सांभाळणं हे आईबापांचं काम, ते सरकारच्या गळ्यात घालू नये, टीव्ही आला तेव्हाही लोक असेच घाबरले होते, मुलं कुठल्याही बंदीतून वाट काढतातच, आणि अशानं मुलगी एकटी पडेल. शेवटी तुम्ही लिहिलंत, "ताई, मुलीचे बारशापासूनचे फोटो फेसबुकवर तुम्हीच टाकलेत. आता तिलाच दार बंद करताय."

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

गेल्या रविवारी दुपारी लेकीला शेजारी बसवलं आणि लॅपटॉपवर सगळे जुने फोटो उघडले. बारसं, उष्टावण, शाळेचा पहिला दिवस. त्यात गणवेशाच्या खिशावरचं शाळेचं नाव लांबूनही वाचता येत होतं. बोरन्हाणाच्या फोटोत तिच्या अंगावर हलव्याचे दागिने आणि लंगोट, बाकी काही नाही. तो फोटो ती बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आई, हा माझ्या वर्गातल्या कुणी पाहिला असेल का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गातल्या दोन मुलांच्या आया माझ्या यादीत आहेत. तिनं दोनच फोटो ठेवायला सांगितले, एक आजीच्या मांडीवरचा आणि एक उत्तरायणात गच्चीवर फिरकी धरून उभी असलेला. बाकीचे आम्ही एकेक करून काढले, संध्याकाळचे साडेसात वाजले. तिला न विचारता मी तिचं लहानपण चारशे लोकांपुढे मांडलं होतं. ती चूक होती, आणि ती मला तुमच्या ओळीमुळे दिसली. त्यासाठी मनापासून आभार.

टीव्हीचं मात्र पटत नाही. दूरदर्शनवर मालिका संपली की संपली. रात्री प्रक्षेपण थांबलं की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आई दिवा मालवायची. समोर कोण बसलंय, त्याचं वय काय, कुठल्या दृश्याला त्याची नजर खिळली, हे त्या डब्याला कळत नव्हतं. आताच्या पडद्याला तळच नाही. बोट वर सरकवत राहावं आणि पान कधी संपूच नये, ही रचना २००६ साली अझा रास्किन या डिझायनरनी केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. शिवाय बोट कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं याची नोंद होते आणि पुढचं चित्र त्यावरून निवडलं जातं. तेरा वर्षांच्या मुलीला त्यातून स्वतःहून उठ म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, आईबापांच्या लक्ष देण्याचा.

मागच्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या सोसायटीचा गरबा छोटाच असतो, मधल्या चौकात, ओळखीची माणसं. सातव्या माळेला लेकीनं आजीनं शिवलेली चणिया चोळी घातली होती, हिरवी, आरशांची. मी पाच पावलांवर खुर्ची टाकून बसले होते, तिच्याकडेच बघत. तिचा स्वतःचा फोन नाही, खातं नाही. शेजारच्या इमारतीतल्या कॉलेजच्या मुलीनं गरब्याचा व्हिडिओ काढला आणि एका ॲपवर टाकला. त्या मुलीच्या मनात काहीही वाईट नव्हतं, छान नाचतायत म्हणून टाकला. सकाळी तिनंच कौतुकानं दाखवायला आणला, तोवर तो हजारो लोकांनी पाहिला होता आणि खाली अनोळखी पुरुषांच्या प्रतिक्रिया होत्या. त्यातली एक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यात घाण शब्द एकही नव्हता. "हिरवी चोळीवाली कोणत्या शाळेत आहे?" एवढंच होतं.

मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की ही प्रतिक्रिया आमच्या नियमांच्या विरोधात नाही. शेवटी त्या मुलीनंच बिचारीनं रडवेली होऊन व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो किती जणांनी उतरवून घेतला असेल, देव जाणे.

काका, आणखी किती लक्ष द्यायचं होतं मी?

म्हणून मला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आली नाही. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना खातं ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. चुकल्या तर जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. आजवर सगळा भार घरावर होता, पहिल्यांदाच कुणीतरी तो पलीकडच्या बाजूला ठेवला. आणि यात सगळंच बंद होतं असंही नाही. व्हॉट्सॲप त्यात नाही. यूट्यूब खात्याशिवाय बघता येतं.

तुम्ही विचारलंत, ॲपांची तेरा वर्षांची अट आहेच ना, मग नवीन कायदा कशाला? हा तेराचा आकडा मुलांचं मन समजून घेऊन कुणी ठरवलेला नाही. १९९८ साली अमेरिकेत मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल एक कायदा झाला, त्यातून तो आला. त्या कायद्यामागचे अमेरिकी खासदार एड मार्की यांना रेषा आणखी वर हवी होती, तडजोडीत ती तेरावर आली, आणि जगभरातल्या ॲपांनी तीच धरली. ती तरी कोण पाळतं? लेकीच्या वर्गातल्या कितीतरी मुलींची खाती पाचवीपासूनची आहेत, जन्मसाल २००५ टाकून. इन्स्टाग्रामनं भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत किशोरांसाठी वेगळी खाती आणली. खातं आपोआप खाजगी, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, सोळाखालच्या मुलांना हे सैल करायचं तर आईबापांची परवानगी. चांगलंच केलं. पण हे सगळं खरं वय सांगणाऱ्या मुलीसाठी. जी कागदोपत्री वीस वर्षांची आहे तिला रात्री दोन वाजता कोण थांबवणार?

"मुलीला विचारलंत का?" असंही तुम्ही लिहिलंत. विचारलं. ती भाजी निवडायला बसली होती, मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांचं बंद झालं तर माझं चालेल. फक्त माझं एकटीचं बंद असलं की मी वेडी दिसते."

हेच मला त्या लेखात सांगायचं होतं आणि नीट सांगता आलं नव्हतं. घराचा नियम घरापुरता असला की त्याची किंमत ते एकटं मूल मोजतं. नियम सगळ्यांना सारखा असला की ती किंमत उरतच नाही.

आपण दोघंही बडोद्याचे, म्हणून इथलंच उदाहरण देते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींसकट. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. पोर आमचं, ते शेतावर जाईल की शाळेत ते आम्ही ठरवू, असं त्या काळी कितीतरी घरांत म्हटलं गेलं असेल. शाळेची सक्ती आणि ॲपची बंदी एकच नव्हे, एक देणं आहे आणि एक काढून घेणं, हे मला समजतं. पण एकट्यादुकट्या घरानं मुलीला शाळेत घातलं तर आळी नावं ठेवायची, आणि सगळ्याच मुली पाटी घेऊन निघाल्या की नावं ठेवायला कुणाला तोंड उरत नाही. महाराजांनी आईबापांचं काम हिसकावलं नाही, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आणि नुसती सक्ती करून थांबले नाहीत, १९१० नंतर लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी धाडली. तुम्ही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणी वाचत बसायचात असं मागे एकदा लिहिलं होतंत, म्हणून हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे. मुलांची माहिती वापरण्याआधी आईबापांची पडताळून घेता येईल अशी संमती हवी, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. मला त्याहून मोठी अडचण दिसते ती संमतीची. शेवटी होकार आईनंच द्यायचा. वर्गातल्या पस्तीस आयांनी दिला की छत्तिसावी किती दिवस नाही म्हणत राहील?

मुलं वाट काढतात, हे खरंच आहे. आमच्या शाळेतही कुंपणावरून उड्या मारणारी पोरं होती. म्हणून कुणी फाटक काढून टाकलं नाही.

एकटं पडण्याची तुमची काळजी मात्र खरी आहे, आणि कायद्याची वाट बघत बसले तर लेक तोवर दहावीला जाईल. म्हणून दिवाळीनंतर मी वर्गातल्या आयांशी एकेकीशी बोलले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही, शाळा सुटताना फाटकाशी उभी राहून. काही गुजराती, काही मराठी, एक मलयाळी. दोघींनी तोंडावर नाही सांगितलं, एकीनं तर "तुमची मुलगी तुम्ही सांभाळा" म्हटलं. सात जणी तयार झाल्या. दहावी होईपर्यंत आठही मुलींची खाती नाहीत, असलेली बंद, आणि मैत्रिणींना बोलायला संध्याकाळी आईच्या फोनवरून अर्धा तास. पहिले पंधरा दिवस घरात आदळआपट झाली. एका घरी जेवणावर बहिष्कार झाला. मग त्या एकमेकींच्या घरी जायला लागल्या, कारण दुसरा इलाजच नव्हता.

तुम्ही लिहिलंत की तुमची नात आठवीतच आहे आणि रात्री पांघरुणात फोन घेऊन झोपते, "पण आजकाल सगळीच झोपतात." तिच्या आईला विचारून बघाल का? आम्ही शनिवारी साडेपाचला कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी जमतो. आया बाकावर बसतात, मुली बॅडमिंटन खेळतात. नातीला घेऊन या. फोटो काढायचा तर आधी मुलींना विचारायचं, असं आम्ही ठरवलं आहे.