प्रतिक्रियेला उत्तर: पोर्ट वर येत नाही म्हणून लगेच एसएफपी बदलायचा का?

नमस्कार सर, तुमची कमेंट नीट वाचली, दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांचं म्हणणं असं की ब्रोकेड स्विचवर एफसी पोर्ट (फायबर चॅनल, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचा पोर्ट) अडकला की आधी कॉन्फिग (सेटिंग) बघा हे लिहून मी नवीन पोरांचा वेळ घालवतोय, फील्डवर बहुतेक वेळा केबल नाहीतर एसएफपीच (पोर्टात घालायचं, उजेडाने सिग्नल पाठवणारं छोटं मॉड्यूल) गेलेला असतो, सरळ एसएफपी बदला, स्पीड फिक्स करा, तरी नाही झालं तर पोर्टसीएफजीडिफॉल्ट (पोर्टची सेटिंग मूळ स्थितीत नेणारी कमांड) मारा आणि मोकळे व्हा. शिवाय सिस्कोच्या एमडीएस स्विचवर असली भानगडच नसते असंही त्यांनी लिहिलंय.

केबल आणि घाणेरडे कनेक्टर यांचा त्रास खूप असतो हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यात वादच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की समोरचा पोर्ट त्यातलाच आहे हे तुम्ही हात लावायच्या आधी कसं ठरवता? स्विच ते स्वतःच सांगत असतो हो. स्विचशो कमांड मारली की त्या पोर्टच्या ओळीत स्टेट लिहिलेली असते आणि ती स्टेट म्हणजे पोर्ट कुठल्या पायरीवर अडकलाय त्याचा पत्ता. नो-लाइट असेल तर उजेडच पोचत नाहीये, मग केबल बघा, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची बाजू) उलटं लागलंय का बघा, समोरचा पोर्ट चालू आहे का बघा, इथे तुमची पद्धत बरोबर. पण नो-सिंक म्हणजे उजेड येतोय आणि तरी दोन्ही टोकांचं जुळत नाहीये, आणि इन-सिंक म्हणजे सिंकसुद्धा झालंय पण पोर्ट ऑनलाइन होत नाही, तिथे एसएफपी बदलण्याआधी स्पीड आणि टोपॉलॉजी (जोडणीची पद्धत, लूप की पॉइंट-टू-पॉइंट) बघायला हवी ना. काही वेळा तर ओळीत सरळ डिसेबल्ड आणि पुढे पर्सिस्टंट लिहिलेलं असतं, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलाय आणि तो स्विच रीबूट करूनही चालू होणार नाही, पोर्टसीएफजीपर्सिस्टंटइनेबल मारावं लागतं. किंवा पीओडी लायसन्स (जादा पोर्ट वापरायचा परवाना) नाही असं लिहिलेलं असतं. लायसन्स नसलेल्या पोर्टात तुम्ही सोन्याचा एसएफपी घातलात तरी काय होणार सांगा.

एक केस सांगतो, गिऱ्हाइकाचं नाव घेत नाही. जुना ८जी (सेकंदाला ८ गिगाबिटचा) स्विच काढून नवीन जेन ६ (३२जीच्या पिढीचा) लावला, सगळीकडे ३२जीचे एसएफपी, होस्ट (सर्व्हर) आणि स्टोरेज अ‍ॅरे सगळे मस्त वर आले, फक्त टेप लायब्ररीचे ड्राइव्ह नो-सिंक. तिथल्या टीमने केबल बदलल्या, एसएफपी बदलले, शेवटी ड्राइव्ह खराब आहेत असं ठरवून पार्ट मागवायची तयारी झाली होती. ड्राइव्ह एलटीओ-४चे (टेपच्या एका जुन्या पिढीचे) होते, म्हणजे ४जीचे. आणि ३२जीचा एसएफपी ३२, १६ आणि ८ एवढंच बोलतो, ४ त्याला येतच नाही! एसएफपी चांगला, केबल चांगली, ड्राइव्हही चांगला, आणि एकाच्या जागी दुसरा तसाच ३२जीचा घालत राहिलं तर जन्मात लिंक येणार नाही. १६जीचा एसएफपी घातला, तो १६, ८ आणि ४ तिन्ही करतो, लगेच ड्राइव्ह लॉगिन झाले. तर एसएफपी बदलायचा होताच, पण कुठला आणि का ते माहीत असायला हवं, मला एवढंच म्हणायचं होतं.

आता स्पीड फिक्स करण्याबद्दल. स्विच-ते-स्विच लिंकवर दोन्ही टोकांना स्पीड ठरवून ठेवणं मला पटतं. पण होस्टचा पोर्ट १६ला टिकत नाही म्हणून ८ला लॉक करून टाकायचा आणि केस क्लोज करायची याला मी विरोधच करणार. तो पोर्ट १६ला का टिकत नाही? बऱ्याच जुन्या डेटा सेंटरमध्ये अजून ओएम२ची (जुन्या प्रकारची फायबर) केबल पडलेली असते, तिच्यावर ८जी ५० मीटरपर्यंत जातं आणि १६जी फक्त ३५ मीटर, म्हणजे ४० मीटरचा रन असेल तर ८ला चालणार आणि १६ला रडणार. ऑटोवर ठेवलं असतं तर स्पीड खाली आलेला किंवा एरर वाढलेले दिसले असते आणि कुणीतरी केबल बघितली असती, लॉक केल्यावर तो पुरावाच गेला.

पोर्टसीएफजीडिफॉल्टवर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही, सर. मारायच्या आधी निदान पोर्टसीएफजीशोचं आउटपुट सेव्ह करून ठेवा हो. समजा तो पोर्ट २५ किलोमीटरवरच्या डीआर साइटच्या (आपत्तीत वापरायच्या दुसऱ्या जागेच्या) लिंकचा आहे. ८जीला पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी (डेटाच्या पाकिटासाठी) किलोमीटरला साधारण ४ बफर क्रेडिट (समोरून पोच यायच्या आधी किती फ्रेम पाठवता येतील त्याची परवानगी) लागतात, म्हणजे १०० तरी हवेत, म्हणून कुणीतरी विचार करून तिथे लाँग डिस्टन्स मोड लावलेला असतो. डिफॉल्ट मारलं की तो मोड गेला. पोर्ट वर येईल, दिवा हिरवा दिसेल, सीआरसी एररसुद्धा (फ्रेम बिघडल्याची खूण) नसेल, फक्त रेप्लिकेशन (दुसऱ्या साइटवर डेटाची नक्कल) रांगायला लागेल आणि स्टोरेजवाला, नेटवर्कवाला, लिंक देणारी कंपनी असे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसतील, कारण क्रेडिट संपल्यामुळे पोर्ट किती वेळ नुसता थांबून राहिला ते सांगणारा टिम-टीएक्स-क्रेडिट-झिरोचा काउंटर कुणी बघतच नाही. तसंच होस्टच्या पोर्टांवर काही लोक ई-पोर्ट (स्विचला स्विच जोडायचा मोड) मुद्दाम बंद करून ठेवतात, चुकून कुणी तिथे दुसरा स्विच लावला तर फॅब्रिक (स्विचचं जाळं) मर्ज होऊ नये म्हणून. डिफॉल्टने ते कुलूपही निघतं.

एमडीएसबद्दल थोडक्यात. तिथेही आहे, फक्त रूप वेगळं. पोर्ट अप, होस्टने फ्लॉगी (फॅब्रिकमध्ये लॉगिन) केलेलं, पण पोर्ट राहिलाय व्हीसॅन १मध्ये (व्हीसॅन म्हणजे एकाच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आणि झोनिंग (कुणी कुणाला दिसायचं ते ठरवणं) केलंय व्हीसॅन १०मध्ये, मग लन (स्टोरेजवरची डिस्क) कसा दिसणार? शो फ्लॉगी डेटाबेस मारलं की पोर्टसमोर व्हीसॅनचा नंबर दिसतो. आणि कुणी व्हीसॅनच डिलीट केला असेल तर त्यातले पोर्ट ४०९४मध्ये, म्हणजे आयसोलेटेड व्हीसॅनमध्ये जाऊन पडतात. यातलं काहीही केबल बदलून सुटत नाही.

शेवटी तुम्ही कमेंटमध्ये जी पोर्टएररशोची (पोर्टचे एरर काउंटर दाखवणाऱ्या कमांडची) ओळ टाकलीये त्याबद्दल, एन्क-आउट (फ्रेमच्या बाहेरचे एन्कोडिंग एरर) लाखांत आणि सीआरसी शून्य. नुसत्या त्या आकड्यावरून मी एसएफपी खराब म्हणणार नाही, कारण होस्ट रीबूट होताना, स्पीड निगोशिएशन चालू असताना एन्क-आउट असाच भराभर वाढतो आणि तो आकडा शेवटचा क्लिअर केल्यापासूनचा सगळा साठलेला असतो. काउंटर क्लिअर करा, होस्ट नेहमीच्या लोडवर तासभर चालू द्या आणि मग परत बघा. तरी वाढत असेल तर केबल-एसएफपीची तुमची शंका खरी, आधी कनेक्टर साफ करा, मग एसएफपीशोमधली आरएक्स पॉवर (येणाऱ्या उजेडाची ताकद) बघा. आणि सीआरसी यायला लागले तर सीआरसी-जी-ईओएफचा (सीआरसी चुकलेला पण शेवटची खूण ठीक अशा फ्रेमचा) कॉलम नक्की बघा, तो वाढत असेल तर फ्रेम याच लिंकवर बिघडतेय, तो शून्य राहून नुसता सीआरसी वाढत असेल तर बिघाड मागच्या कुठल्यातरी लिंकवर आहे आणि इथे फक्त मोजला जातोय. दोन्ही वेळची ओळ, त्या पोर्टचं पोर्टसीएफजीशो आणि स्विचचं मॉडेल इथेच खाली टाका, मी बघून सांगतो.