उतारावर गाडी न्यूट्रल करू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, ‘अनुभवी ड्रायव्हरचे चार सल्ले’. उतारावर गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. एबीएसचं (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचं) पेडल थरथरलं की पाय उचलून ब्रेक पुन्हा मारा. ब्रेकच्या आधी क्लच दाबा. आणि नव्या गाड्या स्वतःच ब्रेक मारतात, मग काळजी कशाला? शेजारच्या काकांनी तो मुलाला पाठवला. त्याला लायसन्स मिळून महिनाही झालेला नाही, म्हणून लिहितोय.

पहिला सल्ला सर्वांत घातक. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचायचं, हे खरं. पण आजच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे इंजिनाला किती इंधन द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंजिनाला जाणारं इंधन जवळपास बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच! म्हणजे बचत शून्य, आणि इंजिनाचा धरून ठेवणारा जोर गेला तो गेलाच. सगळा भार ब्रेकवर.

सिंहगडावरून रविवारी दुपारी उतरून बघा. पायथ्याशी एखादी गाडी थांबलेली दिसते, पुढच्या चाकांतून करपलेला वास येत असतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, पकड ढिली पडते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी धोका. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही हमी १५५ वर येते. उकळून बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जातं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

इंजिनच बंद केलं तर काय होतं, ते पुण्याने पाहिलंय. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. आपल्या कारमध्येही इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो. मग पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

आता एबीएस. गेल्या जूनमध्ये पौड रस्त्यावर, पहिल्याच पावसात, समोरची रिक्षा एकदम आडवी आली. मी ब्रेक पूर्ण दाबला. पेडल तळव्याला टररर करत उलटं ढकलत होतं, खालून खरखर ऐकू येत होती. ती थरथर म्हणजे एबीएस चाकं लॉक होऊ न देता सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडतं-धरतं, त्याची. त्या क्षणी पाय उचलला असता, तर ब्रेकच सोडला असता. पाय तसाच ठेवला, स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि गाडी वळली. एबीएसचा खरा उपयोग हाच. खडीवर किंवा वाळूवर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.

क्लचचं थोडक्यात: एरवी आधी ब्रेक, इंजिन अडखळायला लागलं की क्लच. जीव वाचवायला करकचून थांबायचं असेल, तर दोन्ही एकदम दाबले तरी चालतं.

राहिला आपोआप लागणारा ब्रेक. तो कॅमेरा आणि रडारच्या भरवशावर चालतो. काचेवर चिखल, मुसळधार पाऊस, मध्येच घुसणारी दुचाकी, रस्त्यात बसलेली गाय, यांत तो चुकू शकतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. त्याच्यावर विसंबून मोबाइलकडे बघायला हा एक सेकंदही जास्त आहे.

काका, येत्या रविवारी पहाटे मुलाला माझ्यासोबत पाठवा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही हे बघून ४० च्या वेगात त्याला एकदा ब्रेक पूर्ण दाबायला लावू. ती थरथर पायाला ओळखीची होऊ दे.