हळदीनं लिव्हरचा कॅन्सर बरा होतो म्हणे

आज सकाळी सहा वाजता घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. पिवळ्याधमक बॅकग्राउंडवर लिव्हरचं चित्र, शेजारी हळकुंड, खाली लाल अक्षरांत: 'फॅटी लिव्हरमुळे होणारा कॅन्सर हळद आणि काळी मिरी मुळापासून संपवते. शास्त्रज्ञही थक्क. डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. एका वहिनीनं तर विचारलंसुद्धा, "रिकाम्या पोटी घ्यायची का?"

जरा वर स्क्रोल केलं तर नानामामांच्या तेराव्याचा मेसेज अजून सापडतो, त्याच ग्रुपवर हे चाललंय.

दुपारी डबा खाताना ते परत वाचलं आणि डोकं फिरलं. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे सरका.

नानामामा माझे सख्खे मामा. माळकरी माणूस. दारू सोडा, तपकीरसुद्धा नाही. आषाढीला पायी जाणारे. डायबेटिस होता, पोट सुटलेलं होतं, आणि चहात साखर मात्र भरपूर. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन्ही वेळेला. कधीतरी पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टात शेवटच्या ओळीत आलं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू'. सगळे म्हणाले, ते काय सगळ्यांनाच येतं.

येतंच की. माझ्या ऑफिसात निम्म्यांच्या रिपोर्टात आहे. म्हणून तर कुणी ढुंकून बघत नाही. लिव्हरमध्ये चरबी साठते, काहींच्यात तिथे सूज येते, सुजेचे व्रण राहतात, व्रण वाढत वाढत लिव्हर कडक होतं, त्याला सिऱ्होसिस म्हणतात, आणि अशा लिव्हरमध्ये कॅन्सर धरतो. कधी कधी तर सिऱ्होसिसपर्यंत न जाताच धरतो. बहुतेकांचं हे इतकं पुढे जात नाही. मामांचं गेलं.

निदान झालं त्या दिवशी वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरनं फॉर्म भरता भरता विचारलं, "आजोबा, किती वर्षं पिताय?" मामा काही बोलले नाहीत. शर्टाचं वरचं बटण काढलं, माळ बाहेर काढली आणि त्याला दाखवली. पोरगं ओशाळलं बिचारं. गाव मात्र ओशाळलं नाही. लिव्हर गेलं म्हणजे गुपचूप घेत असणार, हे मी मामांच्या दारात, चपला घालताना ऐकलंय. अशा वेळी माणसाच्या तोंडाला कोण हात लावणार?

गाठ एकच होती. डॉक्टर म्हणाले, जांघेतल्या धमनीतून नळी घालून थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडू आणि ती धमनी बंद करू. लिव्हर साथ देतंय तोवर करून घेऊ, उशीर नको.

आणि मग घरात डबा आला.

पांढरा प्लास्टिकचा डबा, लेबल नाही, झाकणावर मार्करनं 'सकाळ-संध्याकाळ'. आत हिरवट करडी पावडर. सोबत हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलची बाटली. आणणारा हितचिंतकच होता, पैसे मात्र आधी घेतले. त्यानं सांगितलं, हा वनस्पतींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत केमिकल बंद. सगळं केमिकल. त्यात मामांची साखरेची गोळीही गेली. प्रोसिजरची तारीख पुढे ढकलली, कोर्स संपू दे म्हणून.

ती साखरेची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. आता गंमत ऐका, म्हणजे मला तरी हसावं की रडावं कळत नाही. मेटफॉर्मिनचं मूळच एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानटी वनस्पती जुन्या काळी मधुमेहासारख्या तक्रारींवर देत. त्यातला घटक विषारी निघाला, मग त्याच्याच धाटणीचा सौम्य रेणू १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५७ पासून माणसांना द्यायला लागले. म्हणजे वनस्पतीच्याच घराण्यातली, तावूनसुलाखून निघालेली, स्वस्तातली गोळी बंद करून मामांना बिनलेबलाची पावडर चालू केली. निसर्गोपचार म्हणून!

मी सांगलीची आहे. हळदीविरुद्ध लिहायला माझा हात धजत नाही. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, त्या गोष्टी ऐकत मोठी झालेय, घरात आजही राजापुरी हळद दळून येते. त्यामुळे 'तुला आपल्या गोष्टींची लाज वाटते' हे कुणी मला ऐकवू नये. आणि हळदीच्या पेटंटची लढाई लढलेल्या शास्त्रज्ञ माशेलकर सरांचं नाव तर या फॉरवर्डवाल्यांनी घेऊच नये. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीवर पेटंट दिलं गेलं होतं, ते जखम भरण्याच्या गुणावर, आणि १९९७ मध्ये आपण ते रद्द करून घेतलं ते जुने ग्रंथ आणि छापील कागद पुढे ठेवून. कॅन्सरचा तिथे संबंध नाही. आणि पुरावा मागण्याचीच ती लढाई होती.

हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. प्रयोगशाळेतल्या बशीत लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशींवर ते ओतलं की पेशी मरतात, खरं आहे. उंदरांना चरबीचं खाणं घालून, वर कॅन्सर करणारं रसायन देऊन गाठी आणतात, त्यातही काही वेळा फरक दिसतो. दारुहळदीतलं बर्बेरिन, ग्रीन टीमधला अर्क, मिल्क थिसल नावाच्या झाडातलं सिलिमरिन, सगळ्यांच्या अशाच बातम्या असतात. पण माणसानं गिळल्यावर? १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात जवळजवळ सापडेचना. सोबत काळ्या मिरीतलं पायपरिन दिलं तेव्हा ते वीसपट वाढलं. फॉरवर्डमधली काळी मिरी इथून आलीय. पण ते का वाढलं हे फॉरवर्ड सांगत नाही. कर्क्युमिन बाहेर टाकायचं काम आतडं आणि लिव्हर करतात, आणि पायपरिन त्याच कामाला ब्रेक लावतं. आधीच आजारी असलेल्या लिव्हरला! तोच ब्रेक दुसऱ्या औषधांनाही लागू शकतो. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस निघाल्या, २०२२ मध्ये अमेरिकेतूनही, आणि तिथल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्क सापडला. भाजीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये मी, कृपा करून कमेंटमध्ये फोडणी घालू नका.

गुळवेलीचंही तेच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या लिव्हरबद्दल लिहिलं तेव्हा आयुष मंत्रालयानं सांगितलं, ती तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. बरं, असेलही. मग त्या पांढऱ्या डब्यात कुठली वेल होती हे मामीनं कसं ओळखायचं होतं?

हो, वनस्पतीतून कॅन्सरची औषधं निघतात. मला हे कुणी शिकवायची गरज नाही. दारातल्या सदाफुलीतून निघालीत, पण शेकडो किलो पाल्यातून जेमतेम एखादा ग्रॅम. आणि मनसुख वाणी हे नाव किती जणांनी ऐकलंय? आपल्या नंदुरबारला जन्मलेला माणूस. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी झाडांतून कॅन्सरवरचे दोन मोठे रेणू वेगळे केले, कॅम्पटोथेसिन आणि टॅक्सॉल. कॅम्पटोथेसिन म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडतं तेच, ज्याच्या तस्करीच्या बातम्या चंदगड-आंबोलीकडून येत असतात. १९६६ मध्ये ते सापडलं. माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जायला लागलं, चाचण्या थांबवल्या. रेणूत फेरफार करून वापरता येईल अशी औषधं अमेरिकेत बाजारात आली १९९६ मध्ये. तीस वर्षं! टॅक्सॉलला १९७१ पासून १९९२ उजाडलं. आणि यातलं कुठलंच लिव्हरच्या कॅन्सरचं मुख्य औषध नाही. हा असा रस्ता आहे. आमचा हितचिंतक तो रस्ता स्कूटरवरून एका दुपारी पार करून आला होता.

चीननं २०२२ मध्ये इकारिटिन नावाच्या, वनस्पतीतून आलेल्या औषधाला लिव्हरच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी अटी घालून परवानगी दिली, तेवढं मान्य. पण त्यातले रुग्ण मुख्यतः हिपॅटायटिस बी असलेले होते, मामांसारखे फॅटी लिव्हरवाले नव्हेत. आशा आहे. जरूर आहे. उद्या दारुहळदीतून खरंच काही निघालं तर मी पेढे वाटेन.

आणि हो, अ‍ॅलोपॅथी महाग आहे, डॉक्टर धड बोलत नाहीत, तेही मान्य. लिव्हरच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं होतं, २०१२ मध्ये सरकारनं सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, तेव्हा ते आठ हजार आठशेला मिळायला लागलं. तोवर लोकांनी काय करायचं होतं? डब्याकडे वळणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मामी मूर्ख नाही. ती रोज पहाटे उठून ती पावडर कोमट पाण्यात कालवायची, गुठळी राहू नये म्हणून गाळून घ्यायची, आणि मामा पिईपर्यंत समोर उभी राहायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की हे केलं तर माणूस वाचतो. नळी, धमनी, टक्के असं बोलणाऱ्या डॉक्टरनं तिला तसं काही सांगितलं नव्हतं.

कोर्स संपला तोवर डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, आता नळी घालता येणार नाही, लिव्हर झेपवणार नाही. पावडरीमुळेच झालं का? मला माहीत नाही, कुणीच सांगू शकत नाही. कदाचित तसंही झालं असतं. पण जी तारीख हातात होती ती गेली. डबा आणणारा तेराव्याला जेवून गेला. मी वाढत होते.

फॉरवर्ड पाठवणारा माझा मावसभाऊ आहे. वाईट नाही तो, मामांना खांदा दिलेला आहे. त्याच्या स्वतःच्या रिपोर्टात ग्रेड वन आहे म्हणून घाबरून हे असलं शोधत बसतो, हे मला ठाऊक आहे. बाबा रे, तुझ्यासाठी सांगते. ग्रेडवर जाऊ नकोस. वय, रक्तातले लिव्हरचे दोन आकडे आणि प्लेटलेट्स यांवरून डॉक्टर फिब-फोर नावाचा आकडा काढतात, गरज वाटली तर लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन करतात, त्यावरून व्रण कितपत आहेत याचा अंदाज येतो. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही उतरू शकते. साखर आटोक्यात ठेव. काही घेत असशील, काढा, कॅप्सूल, काहीही, तर ती बाटली घेऊन डॉक्टरकडे जा, लपवू नकोस. आणि वनस्पतीच पाहिजे असेल तर कॉफी पी, बिनसाखरेची. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१६ मध्ये नोंदवलंय. औषध म्हणून नाही हं. नाहीतर तू त्यात गूळ घालशील.

इनबॉक्समध्ये कुणी मला त्या पावडरवाल्याचा नंबर मागू नका. मागच्या वेळी मामांबद्दल लिहिलं तेव्हाही लोकांनी मागितला होता.