आजाराला भाषा असते, अण्णा

गेल्या आठवड्यात आमच्या थोरल्या काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन बेळगावात झालं. वय चौऱ्याहत्तर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, पोथी अजून रोज वाचतात. ऑपरेशनच्या आधी त्यांच्यापुढे संमतीपत्र आलं ते कन्नड आणि इंग्रजीत. नर्सनं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. नंतर फोनवर म्हणाल्या, "काय लिव्हलंय ते देवालाच ठाऊक." मी घरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की मराठी फॉर्म मागायला हवा होता. त्यावर चुलतभावाचं, म्हणजे अण्णा तुझं, उत्तर आलं : "आजाराला भाषा नसते. तू स्वित्झर्लंडमध्ये बसून इथं भांडणं लावू नकोस." चौघांनी लगेच त्याला अंगठे दिले.

आठ दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही.

अण्णा, दोन वर्षांपूर्वी मी एकटी श्रीलंकेला गेले होते, तेव्हाचं तुम्हा कुणाला मी नीट सांगितलेलं नाही. कोलंबोत पाच दिवस राहून रात्रीच्या गाडीनं त्रिंकोमालीला गेले. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण भरली. ऊन लागलं असेल म्हणून पडून राहिले. मध्यरात्रीपर्यंत डोळ्यांच्या मागे कुणी अंगठे रोवतंय असं दुखायला लागलं. लॉजच्या मालकानं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डेंग्यू. हा डास दिवसा चावतो आणि चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे तो मी कोलंबोतूनच घेऊन आले असणार. तरुण डॉक्टरनं आधी माझ्या पर्समधली आयबुप्रोफेनची पट्टी बाजूला काढून ठेवली. डेंग्यूत त्या गोळीनं रक्तस्राव वाढू शकतो, फक्त पॅरासिटामॉल चालतं. मग मच्छरदाणीत झोपवलं. किती पाणी प्याले, किती लघवी झाली, सगळं मापानं कागदावर.

डॉक्टर इंग्रजी बोलायचा. रात्रीच्या नर्सबाई तमिळच.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. तेव्हा रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब उतरू शकतो, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा पोटदुखी. ती यंत्रात आधी दिसत नाही. पेशंटनं सांगावी लागते. माझा ताप चौथ्या रात्री उतरला आणि पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, सतरा वर्षांत कमावलेलं सगळं त्या खाटेवर गळून पडलं. तोंडातून आलं, "आई गं, पोटात दुखतंय." नर्सबाई बघत राहिल्या. मग कुठून आलं मला माहीत नाही, मी कन्नडमध्ये म्हणाले, "होट्टी नोवु." पोटदुखी.

"होट्टी" त्यांना कळलं नाही. "नोवु" कळलं. तिथल्या तमिळमध्येही दुखण्याला नोवु म्हणतात. "नोवा?" म्हणत त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, मी मान हलवली, त्या धावत गेल्या. डॉक्टर आला, रक्त घेतलं, सलाईनचा वेग बदलला. सकाळी त्यांनी शहाळं आणून दिलं. त्या इळनीर म्हणाल्या, आपल्याकडचे कन्नड लोक एळनीरु म्हणतात. मला रडू आलं.

आता सांग, आजाराला भाषा नसते?

त्या दवाखान्याची पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशी तीन भाषांत आहे. १९५६ मध्ये तिथं फक्त सिंहली राजभाषा करणारा कायदा झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. तमिळ राजभाषा झाली ती १९८७ मध्ये, तोवर तिथं यादवी युद्ध पेटून चार वर्षं झाली होती, आणि ते विझलं २००९ मध्ये. आपल्याकडे तसं झालं नाही. पण म्हणून काकूंनी न वाचता सही करावी?

मी राहते त्या स्वित्झर्लंडमधल्या बील शहरात गल्लीच्या पाटीवर जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषा असतात. दुकानात ज्यानं आधी तोंड उघडलं त्याची भाषा चालते. औषधाच्या खोक्यातला कागद तीन भाषांत येतो. शेजारच्या फ्रेंच बोलणाऱ्या मूटिए गावानं २०२१ मध्ये मतदान केलं आणि १ जानेवारी २०२६ ला ते जर्मनबहुल बर्न कँटन, म्हणजे तिथलं राज्य, सोडून फ्रेंच जुरा कँटनमध्ये गेलंसुद्धा. आपला सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं आक्षेप घेतला, दोन्हीकडे पत्रकार परिषदा झाल्या. काकूंच्या फॉर्मबद्दल कुणी बोललं नाही. तालुक्यात पंधरा टक्के लोक वेगळ्या भाषेचे असतील तर त्यांच्या भाषेत सूचना द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेलं आहे. खानापुरात आपण किती आहोत, तुला माहीत आहे.

तू म्हणशील, रांगेत आम्ही उभे राहतो. खरं आहे. काकूंच्या उशाशी तू होतास, मी नव्हते. वर्षाला तीन आठवडे येऊन बेळगावी कुंदा मिठाई घेऊन जाणारी मी. माझी लेक तापात कण्हते ती फ्रेंचमध्ये. मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवत मराठीत बोलते आणि ती मला फ्रेंचमध्ये उत्तर देते. बाबा दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जायचे. शाळेतल्या कन्नडच्या पुस्तकाला मी रागानं वर्तमानपत्राचं कव्हरसुद्धा घातलं नव्हतं. तेच कन्नड त्या पहाटे उपयोगी पडलं. हे बाबांना सांगायला ते राहिले नाहीत, म्हणून तुला सांगते. कन्नड काढा असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्याच कागदावर खाली मराठीही छापा, एवढंच म्हणते.

निघायच्या दिवशी नर्सबाई कागद भरत होत्या. "एंद ऊर?" त्यांनी विचारलं. ऊर म्हणजे गाव, ते समजायला मला काहीच लागलं नाही. माझा लाल स्विस पासपोर्ट समोरच होता. त्यात मूळगाव म्हणून बील छापलंय, खानापूर त्यात कुठंच नाही.

"खानापूर," मी म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि तमिळमध्ये लिहिलं.

त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकतेय. काकूंना दाखव.