स्क्रू बसला म्हणजे जोड जमला असं नाही

दातांच्या इम्प्लांटवरच्या (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरच्या) एका लेखात म्हटलंय की कंपॅटिबल अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि क्राउन (वरची दाताची टोपी) यांना जोडणारा, दुसऱ्या कंपनीने बनवलेला भाग, ओरिजिनलइतकंच 'तितकंच चांगलं', कारण ते इम्प्लांटवर नीट बसतं. बसणं ही फार ढोबळ कसोटी आहे. क्राउन घट्ट राहतो तो स्क्रू ताणला गेल्यामुळे, म्हणजे प्रीलोडमुळे. स्क्रूच्या डोक्याखालची बैठक ओरिजिनलमध्ये निमुळती आणि नकलेत सपाट असेल, तर त्याच ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) ताण वेगळा येतो. कोनिकल (शंकूसारख्या निमुळत्या) जोडात कोन किंचित जरी चुकला तरी भार एका कडेवर येतो. मग चावताना सूक्ष्म हालचाल, स्क्रू सैल, आणि शेवटी आतला स्क्रू तुटूही शकतो. मला जास्त काळजी इम्प्लांटच्या आतल्या भिंतीची वाटते: स्क्रू बदलता येतो, झिजलेला इम्प्लांट नाही.

सगळे कंपॅटिबल भाग टाकाऊ नसतात. काहींचं मशिनिंग उत्तम असतं. पण अबटमेंट एकाचं, स्क्रू दुसऱ्याचा, हे नकोच. लॅबमध्ये वापरलेला स्क्रू तोंडात लावू नये, नवीन घ्यावा. उत्पादकाने सांगितलेला टॉर्क द्यावा, दहा मिनिटांनी पुन्हा तेवढाच. आणि अबटमेंटचा उत्पादक, मॉडेल आणि लॉट नंबर रुग्णाच्या नोंदीत हवेतच. पुढे स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरला योग्य ड्रायव्हर त्यावरूनच सापडतो.