चार नाहीतर आठ

पुण्यात तापकीर गल्लीतल्या दुकानात दहा इंची सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, हातात घेतला, तर मागच्या चुंबकावर लेबलाच्या जागी नुसता वाळलेला डिंक. "लेबल गळून पडलं हो." आपोआप म्हणे! घरचा अ‍ॅम्प्लिफायर चार ओहमच्या खालचं काही सोसत नाही, म्हणून विचारलं किती ओहमचा. "चार. नाहीतर आठ. लावून बघा की." म्हणजे दोनचा निघाला तर अ‍ॅम्प्लिफायर माझा आणि धूरही माझ्याच घरात.

मीटर मागितला. काउंटरखालून पिवळा मल्टिमीटर निघाला, एका प्रोबला सेलोटेप गुंडाळलेली. एवढ्यात रिमोटचे सेल घ्यायला आलेले एक काका मध्ये घुसले.

"ओहम मोजताय? मीटर कशाला? वजन बघा. जड असेल तर आठ."

"काका, वजनाचा संबंध नाही. आत तारेची कॉइल असते, तिचा रोध..."

"आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता," काका म्हणाले आणि दोन्ही अंगठ्यांनी स्पीकरचा पुढचा पडदा, म्हणजे कोन, दाबू लागले. "मऊ आहे. मऊ म्हणजे चार."

कोन हलला की कॉइल चुंबकात पुढेमागे होते, वीज तयार होते आणि मीटर भलतंच दाखवतो. 2.9, 7.1, मध्येच उणे काहीतरी.

"बघा, मीटरच बिघडलाय!"

त्यांचे अंगठे मी अक्षरशः उचलून बाजूला ठेवले. आकडा 3.6 वर थांबला. नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तर 0.3, ते वजा केलं. उरले 3.3. मीटर डीसी रोध मोजतो, छापायचा आकडा एसीचा, तो थोडा वरचा असतो. म्हणजे हा चारचाच. आठचा असता तर साडेपाच ते सातच्या दरम्यान आला असता.

"3.3?" काका दुकानदारावर उखडले. "चार सांगून 3.3 देता? यांचे पैसे कमी करा!"

"काका, ओहम काय मापात मारायची वस्तू आहे?"

पैसे कमी झाले असते तर मी हरकत घेतली नसती, पण ते असो. वीस रुपयांच्या वेफर्सच्या पुडीवर किती कॅलरी ते छापलेलं असतं. इथे अ‍ॅम्प्लिफायर जाळू शकणाऱ्या वस्तूवर एक आकडा नाही, आणि तो विचारणारा गिऱ्हाईक चिकित्सक!

मी पावतीवर 'चार ओहम' लिहून मागितलं. "तसं लिहून देत नाही आम्ही." पावतीवर आलं, 'स्पीकर, एक नग'.

काकांनी तेवढ्यात आपले सेल मीटरला लावले. "दीड लिहिलंय, हा 1.6 दाखवतोय! रिमोट जळला तर?"

त्यांना लगेच दुसरे सेल काढून दिले.